टायमिंग चेन वाजतेय, गाडी चालवू का? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होटगी रस्त्याला आमचं गॅरेज आहे. सकाळी शटर वर जायच्या आत एखादी गाडी दारात उभी असते आणि प्रश्न ठरलेला असतो : इंजिनातून आवाज येतोय, पण गाडी पळतेय, तर पळवू का? गिऱ्हाईक घाईत असतं, आमचे हात ऑइलने भरलेले असतात, आणि उत्तर अर्धंच दिलं जातं. म्हणून ते इथे सावकाश लिहून ठेवतोय.

टायमिंग चेन म्हणजे मोटारसायकलच्या मागच्या चाकाची चेन का?

नाही. ती बाहेर दिसते, ही इंजिनाच्या आत, टायमिंग कव्हरच्या मागे, ऑइलमध्ये फिरते. खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो, वर कॅमशाफ्ट वॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, उघडतो आणि मिटवतो. दोघांना जोडून ठेवणारी ती ही चेन. क्रँकचे २ फेरे झाले की कॅमचा बरोबर १ फेरा व्हायला हवा. पिस्टन वर येतो तेव्हा वॉल्व्हने बाजूला झालेलं असलं पाहिजे, एवढाच सगळा हिशोब.

सोलापूर ते पुणे साधारण २५० किलोमीटर. इंजिन सरासरी २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) साडेचार तास चाललं तर क्रँकचे सुमारे ५ लाख ४० हजार फेरे होतात. त्यातल्या प्रत्येक फेऱ्याला चेनने दात धरून ठेवायचा असतो.

मालक, सकाळी सेल्फ मारला की दोन सेकंद खर्रर्र वाजायलंय, मग गप होतंय. काढू का गाडी?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि नेमक्या याच टप्प्यावर गाडी आली तर मला बरं वाटतं.

चेनला ताण देणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर पंप दाब तयार करीपर्यंत क्षणभर चेन सैल असते आणि कव्हरला किंवा तिला रांगेत धरणाऱ्या गाइडच्या पट्टीला आपटते. नवीन गाडीत हा क्षण कानाला कळतही नाही. तो कळायला लागला, तर तीनपैकी काहीतरी झालंय : ऑइल कमी किंवा जुनं आहे, टेन्शनर दाब धरत नाही, किंवा चेन आणि गाइडच्या पट्ट्या झिजल्यात.

म्हणून लगेच इंजिन खोलायला निघू नका. आधी सपाट जागी ऑइलची पट्टी (डिपस्टिक) बघा. मग फिल्टर कुठला आहे ते बघा. चांगल्या फिल्टरमध्ये ऑइल परत उतरू न देणारा रबरी पडदा असतो. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तो लवकर कडक होतो आणि रोज सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं. योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून आवाज पूर्ण गेला, आणि आठवड्याने, पंधरवड्याने, महिन्यानेही आला नाही, तर तुम्ही सुटलात. फक्त कमी झाला किंवा परत आला, तर कव्हर उघडून बघायची वेळ आली आहे.

तोवर गाडी काढू का? आवाज दोन-तीन सेकंदांचा असेल, पट्टीवर ऑइल बरोबर असेल आणि चेक लाइट नसेल, तर गॅरेजपर्यंत हळू आणा. गावाला नेऊ नका.

आवाज चेनचाच आहे हे कसं ओळखायचं? मला तर सगळे आवाज सारखेच वाटतात.

कुई करून ओरडतो तो बाहेरचा फॅन बेल्ट. बारीक, एकसारखी टकटक इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून येते ती बहुतेक टॅपेटची, म्हणजे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची. पत्र्याचा झणझण आवाज गाडीखालून येत असेल तर सायलेन्सरचा पत्रा सुटलेला असतो, आणि त्यासाठी लोक उगाच घाबरून येतात. चेनचा आवाज यांच्यापेक्षा जड असतो. डब्यात सायकलची चेन घालून हलवावी तसा. तो बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाकडून येतो, थंड इंजिनावर आणि ॲक्सिलरेटर सोडताना जास्त जाणवतो. आधी फक्त सकाळी वाजणारी चेन पुढे गरम इंजिनावर, आयडलिंगलाही (गाडी उभी, इंजिन चालू) वाजायला लागली तर पाणी गळ्यापर्यंत आलं असं समजा.

लोखंडाची चेन लांबते कशी?

कडीचं लोखंड ताणलं जात नाही, सांधे झिजतात. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते. समजा चेनला १४० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी, ०.०५ मिलिमीटर, झीज झाली. १४० ने गुणा : ७ मिलिमीटर. ज्या चेनची एक कडीच ८ मिलिमीटरची, तिच्यात ७ मिलिमीटर ढिलाई आली. टेन्शनर आपला दट्ट्या पुढे सरकवत ही ढिलाई खात राहतो, पण त्याचाही हात एका जागी संपतो. त्यानंतर चेन ती ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या, म्हणजे टायमिंग गिअरच्या, दातांवर वर चढायला लागते आणि एखाद्या दिवशी एक दात ओलांडते. आम्ही त्याला टायमिंग सुटलं म्हणतो.

चेक लाइट लागली आहे. स्कॅनरवर पी००१६ आलं. सेन्सर बदलायला सांगितलंय.

पी००१६ चा अर्थ क्रँक आणि कॅम यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. सेन्सर किंवा त्याची वायर खराब असली तरी हा कोड येऊ शकतो, त्यामुळे सेन्सर तपासणं चूक नाही. पण सेन्सर बदलून, कोड पुसून गाडी हातात दिली आणि चार दिवसांनी तोच कोड परत आला, तर सेन्सर खरंच सांगत होता आणि आपण त्यालाच काढून टाकलं. कोडसोबत सकाळचा आवाजही असेल, पिकअप पडला असेल, आयडलिंगला इंजिन थरथरत असेल, तर गाडी चालवत गॅरेजलाही आणू नका. क्रेनवर आणा.

चेन तुटली किंवा दात सुटला तर नेमकं काय होतं?

आजच्या बहुतेक गाड्यांत पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. टायमिंग सुटलं की पिस्टन वर येताना वॉल्व्ह उघडाच असतो. पिस्टन त्याला खालून मारतो. वॉल्व्ह वाकतात, काही इंजिनांत रॉकर तुटतात, कधी पिस्टनला भोक पडतं, आणि वॉल्व्हची चकती तुटून सिलिंडरमध्ये पडली तर ब्लॉकही जातो. हे घडायला एक सेकंदही लागत नाही, कारण ३००० आरपीएमवर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरत असतो.

चेन वेळेवर बदलली तर कव्हर उघडायचं काम असतं. तुटल्यावर हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवायचं, वॉल्व्ह, वॉल्व्हच्या गाइड, गॅस्केट, लेथवर हेड घासणं, आणि कदाचित पिस्टनपर्यंत जायचं काम होतं. दोन्ही बिलं शेजारी ठेवली तर माणूस खाली बसतो.

उद्या पहाटे कुटुंबाला घेऊन पंढरपूरला निघायचंय. आल्यावर बघितलं तर?

इथे मी माझीच एक गोष्ट सांगतो, कारण ती अजून मनातून जात नाही.

आषाढीच्या आधी एक जण डिझेल गाडी घेऊन आला होता. सकाळचा आवाज होता, चार-पाच सेकंदांचा. गॅरेजात वारीच्या गाड्यांची रांग लागलेली. मी ऐकलं आणि म्हणालो, "ऑइल टाकतो, जाऊन या, आल्यावर उघडू." मोहोळच्या अलीकडे गाडी खाडकन बंद पडली. आत दोन म्हाताऱ्या माणसांसह सहा जण, मागे ट्रक. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून सगळे घरी आले. इंजिनाचे आठ वॉल्व्ह वाकले होते. त्याच्या पैशांपेक्षा मला त्या ट्रकचं जास्त वाटतं. तो निर्णय गिऱ्हाइकाचा नव्हता, माझा होता.

तेव्हापासून माझं उत्तर बदललेलं नाही. गरम इंजिनावर असो की फक्त सकाळचा, चेनचा आवाज आहे तोवर त्या गाडीने गावाबाहेर जायचं नाही. एसटी आहे, रेल्वे आहे, भाच्याची गाडी आहे. विठोबा दोन दिवसांनीही विटेवरच उभा असतो.

गाडी भाड्याची आहे, बँकेचा हप्ता आहे. गाडी उभी केली तर खायचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला "गाडी बंद ठेवा" एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही. सोलापुरातून अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर करणाऱ्या गाड्या महिन्याला हजारो किलोमीटर तोडतात आणि घर त्यावर चालतं.

तरी हिशोब असा बघा. चेनचं काम सांगून करता येतं : सामान आधी मागवून ठेवायचं, लग्नसराई आणि वाऱ्या सोडून मधले दिवस धरायचे, आणि गाडी सामान आल्यावरच उभी करायची. असं केलं तर दोन-तीन दिवस जातात. तुटल्यावर गाडी उभी राहते ती हेडचं काम, लेथवाल्याची रांग आणि मिळेना तो पार्ट, यांच्या मर्जीवर. हप्ता तेव्हाही चालूच असतो. आमच्याकडे येणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना आम्ही सामानाचे पैसे आधी आणि मजुरी हप्त्याने असं करून देतो. तुमच्या मिस्त्रीलाही विचारून बघा, बरेच जण ऐकतात.

सामान येईपर्यंत गाडी चालवावीच लागली तर शहरातल्या शहरात, प्रवासी न घेता. रोज सकाळी ऑइलची पट्टी बघा. सेल्फ मारल्यावर लगेच रेस देऊ नका. उतारावर नुसत्या गिअरवर गाडी उभी करू नका, हँडब्रेक ओढा. गाडी मागे सरकली तर क्रँक उलटा फिरतो आणि सैल चेनला दात सोडायला तेवढं निमित्त पुरतं. धक्का मारून गाडी सुरू करणं तर अजिबात नको.

आणि माणसं बसवायची असतील तर कायदाही लक्षात ठेवा. धोका होईल असा दोष माहीत असून, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असून, गाडी रस्त्यावर आणणं हा मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा आहे.

हायवेवर अचानक बंद पडली तर?

चावी पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो, म्हणून पंप न करता एकदाच जोर लावून, दाबून धरा. स्टिअरिंग जड झालं तरी फिरतं. डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे लांब ठेवा, आणि माणसांना उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा नंबर १०३३. पुणे-हैदराबादचा ६५ असो की तुळजापूरकडून विजापूरकडे जाणारा ५२, दोन्हीकडे तोच.

मग सगळ्यात महत्त्वाचं : पुन्हा सेल्फ मारू नका. "एकदा बघू लागतंय का" म्हणून मारलेल्या प्रत्येक सेल्फला वाचलेला एखादा वॉल्व्ह वाकतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सर्रकन फिरला तर समजा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. दुसऱ्या गाडीला दोर बांधून, गिअरमध्ये टाकून सुरू करायचा प्रयत्नही नको.

शोरूममध्ये सांगितलं होतं, चेन आहे, आयुष्यभर बघायला लागत नाही.

चेनला बदलायचं ठरलेलं किलोमीटर नसतं, हे खरं. पण त्याचा अर्थ ती झिजत नाही असा नाही. वेळेवर ऑइल मिळालेल्या इंजिनांत मी दोन लाखांच्या पुढे पहिलीच चेन शांत चालताना पाहिली आहे, आणि ऐंशी हजारांत लोंबलेलीही. दोन्ही वेळा फरक ऑइलच्या बिलांत सापडला.

मग ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?

बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं असतं. लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसरा विसरतात. त्याच पुस्तिकेत खाली लिहिलेलं असतं की धूळ, सतत जवळच्या फेऱ्या, जास्त ओझं असेल तर आधी बदला. आता आपलं सोलापूर बघा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीतली धूळ, आणि घर ते सात रस्ता, सात रस्ता ते पार्क चौक अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. पुस्तिकेतली कठीण परिस्थिती म्हणजे आपला रोजचा दिवस. मी माझ्या गिऱ्हाइकांना ७,००० ते ७,५०० ला बोलावतो.

डिझेलला हे आणखी लागू. डिझेलची काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि तीच पॉलिश पेपरसारखी चेनच्या पिना घासते. ग्रेड मात्र पुस्तिकेत आहे तोच. ऊन फार म्हणून जाड ऑइल टाकायची जुनी सवय नव्या इंजिनांत नडते. जाड ऑइल सकाळी टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं.

फक्त चेन बदलून द्या, बाकीचं राहू द्या. चालेल का?

नाही. झिजलेल्या चेनने गिअरचे दातही आपल्यासारखेच खाल्लेले असतात. नवी चेन त्यावर बसवली तर ती लवकर झिजते. चेन, गाइडच्या दोन्ही पट्ट्या, टेन्शनर आणि टायमिंग गिअर एकत्रच बदला.

आणखी एक गोष्ट, जी बरेच जण वाचवायला बघतात. पट्ट्या प्लॅस्टिकच्या असतात. तुटल्या की त्यांचे तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. कव्हर उघडून नवीन किट टाकलं, चेंबर उतरवलाच नाही, तर नवीन चेनही ऑइलविना चालणार. पट्टी तुटलेली निघाली की चेंबर उतरवून जाळी साफ करायलाच हवी. त्याची मजुरी द्या, कुरकुर करू नका.

काम नीट झालं हे मला कसं कळणार?

जुने पार्ट मागून घ्या, ते तुमचेच आहेत. जुन्या पट्टीवरून बोट फिरवलं तर चेनने पाडलेली खाच लागेल. टायमिंग लॉक करायची, म्हणजे क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवायची, हत्यारं त्या इंजिनाची आहेत का, हे आधीच विचारा. नुसत्या खुणा रंगवून, अंदाजाने टायमिंग बसवणाऱ्याकडे नवीन गाडी देऊ नका. आणि सेल्फ मारायच्या आधी इंजिन पान्याने हाताने पूर्ण २ फेरे फिरवून बघतो का, ते उभं राहून पाहा. कॅमचा एक फेरा पूर्ण होतो, कुठे अडत असेल तर हाताला कळतं. चांगला मिस्त्री हे न सांगता करतो.

माझ्या गाडीत चेन आहे की बेल्ट?

मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं चेनची. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगात आलेलं १.३ लिटर डिझेलही चेनचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, त्यामुळे त्या गाड्या आता वयाच्या मानाने चेनकडे बघायच्या टप्प्यावर आहेत. जुनी मारुती ८०० बेल्टची. जुनी इंडिका डिझेल बेल्टची. जुनी इनोव्हा २.५ बेल्टची, क्रिस्टा २.४ चेनची. बेल्ट असेल तर आवाजाची वाट बघायची नाही. तो न बोलताच तुटतो, म्हणून पुस्तिकेतल्या किलोमीटरला बदलायचा.

सीएनजीने चेन लवकर जाते का?

गॅसने थेट नाही. पण सीएनजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही, पट्टीवर सोनेरी दिसतं, आणि लोक बदलायचं पुढे ढकलतात. रंगावर जाऊ नका, किलोमीटर मोजा.

स्प्लेंडरमधून टायमिंगचा आवाज यायलाय. तिला पण एवढंच भ्यायचं का?

दुचाकीतही तीच चेन, लहान. दुरुस्तीही लहान, म्हणून टाळायला कारणच नाही. आधी ऑइल बघा. या इंजिनांत मुळात एक लिटरच्या आसपास ऑइल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी फार झालं. मग टेन्शनर, मग चेन.

इन्शुरन्समधून खर्च निघेल का?

नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. पाणी शिरून इंजिन गेलं तर कामाला येणारं इंजिन प्रोटेक्ट कव्हरही झिजलेल्या चेनला सहसा लागू होत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र जरूर भांडा, आणि सर्व्हिसिंगची बिलं सोबत ठेवा. बिलं नसतील तर बोलणं तिथेच थांबतं. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जुनी गाडी बघायला चाललोय. चेन कशी तपासू?

सांगून जा, पण सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. "उद्या सकाळी परत येतो" म्हणा आणि खरंच या. थंड इंजिन दुसऱ्याला सुरू करायला सांगा, तुम्ही पुढे उभे राहा. ऑइलचं झाकण उघडून आत बघा : डांबरासारखा थर असेल तर मीटरवरचा आकडा कितीही कमी असो, ती गाडी सोडा.

आवाजाचा व्हिडिओ पाठवला तर सांगाल का?

सांगू, पण तो नीट काढा. गाडी रात्रभर उभी असलेली हवी. बॉनेट उघडा, एकाने मोबाइल इंजिनाच्या टायमिंगच्या बाजूला धरायचा, फिरणाऱ्या बेल्टपासून हात आणि ओढणी लांब. रेकॉर्डिंग सेल्फ मारायच्या आधी सुरू करा आणि अर्धा मिनिट चालू ठेवा, मध्ये बोलू नका, रेस देऊ नका. सोबत गाडीचं मॉडेल, साल, किलोमीटर आणि शेवटचं ऑइल कधी बदललं ते लिहा. ऑइलचं आठवत नसेल तर तसंच लिहा. मग आम्ही ऑइलच्या पट्टीपासून सुरुवात करू.